दारूचा जन्म शोधायला

चिंचवड स्टेशनवर दादा, माझे वडील, आले, पण माझ्याशी बोलले नाहीत. फर्स्ट शिफ्ट संपवून थेट आलेले. पिंपरीच्या ज्या औषध कंपनीत ते होते तिथं मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवून औषध काढत, आणि तो आंबूस वास त्यांच्या शर्टाला कायमचा चिकटलेला. त्यांनी माझी ट्रंक बाकाखाली सरकवली आणि उतरून खिडकीपाशी उभे राहिले. आई रडत होती. गाडी हलली तेव्हा दादा एवढंच म्हणाले, "जिवाला जप."

अबोल्याचं कारण माझा विषय. पुण्यात पुरातत्त्व शिकून मला सोव्हिएत देशातल्या जॉर्जियाची शिष्यवृत्ती मिळाली होती. माणसानं द्राक्षाची वेल पहिल्यांदा कधी लावली, तिची दारू कधी केली, हे उत्खननातल्या बियांवरून आणि खापरांवरून शोधायचं. आमच्या काळेवाडीच्या घरात रोज संध्याकाळी वंदना व्हायची, आणि पंचशीलातलं पाचवं शील, नशापाणी न करण्याचं, दादा जरा मोठ्यानं म्हणायचे. त्यांचा थोरला भाऊ हातभट्टीपायी गेला होता.

"दारू जन्मली कुठं ते शोधून काय करती?" त्यांनी विचारलं होतं. "ती मरंल कशानं ते शोध."

तरी मी गेले.

तिब्लिसीत, जॉर्जियाच्या राजधानीत, वर्षभर रशियन शिकले, मग लॅबमध्ये बसू लागले. कोळसा झालेल्या बिया भिंगाखाली ठेवायच्या. रानवेलीची बी गोलसर, आखूड टोकाची. माणसानं जोपासलेल्या वेलीची लांबट. वेल लावली की फळाला काही वर्षं जातात. म्हणजे लांबट बी सापडली, की तिथं कुणीतरी राहिलं, थांबलं. हे मी घरी लिहायचे. उत्तर माझ्या भावाचं यायचं. शेवटी एक ओळ: दादा बरे आहेत.

मी मारो नावाच्या विधवा म्हातारीकडे राहत होते. तिच्या परसात मातीचे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले, त्यांत द्राक्षाचा रस आंबत असे. पहिल्यांदा तिनं झाकण उचललं आणि मी रांजणावर वाकले. अगदी तोच वास नव्हे, पण दादांच्या शर्टाच्या फार जवळचा. तुमच्यापैकी जे लांब गेलेत, त्यांना कळेल. घराची आठवण कुठून अंगावर येईल ते सांगता येत नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात दुपारी तार आली. दादा कंपनीतच छातीत कळ येऊन गेले होते. परवानगी आणि विमान जुळेपर्यंत तिकडे सगळं आटोपणार होतं. मी तार घेऊन स्वयंपाकघरात आले. मारोनं पाव काढला, पेल्यात वाइन ओतली. मेलेल्या माणसाच्या नावानं जॉर्जियात पावावर वाइन शिंपडतात. मी तिचा हात धरला.

"नको, आजी. माझ्या वडलांनी आयुष्यभर हिला शिवलं नाही."

मग तिनं पेला रिकामा केला, विसळला, पाण्यानं भरला. "नाव काय त्यांचं?" तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं ते चुकीचं उच्चारलं आणि पावावर पाणी शिंपडलं. तेव्हा कुठं मला रडू फुटलं.

उन्हाळ्यात घरी आले. काळेवाडीत नवे पत्रे, नवी दुकानं, ओळखीची माणसं कमी. दादांची सायकल भाऊ वापरत होता. आई म्हणाली, "शेजारी विचारायचे, पोरगी काय शिकती? तर तुझे दादा म्हणायचे, जुन्या बिया शोधती. बियांचं सगळं सांगायचे, गोल कुठली, लांब कुठली. दारूचं नाव काढायचे न्हाईत."

म्हणजे माझी पत्रं ते वाचत होते.

मला तिब्लिसीतच नोकरी मिळत होती. आईला मी सांगितलं नव्हतं, पण भावाकडून तिला कळलं होतं. शेवटी तिनंच विचारलं, "त्या म्हातारीच्या घरात तुला कुठवर घेतात?"

प्रश्न मला कळला. आई वाढली त्या गावात आमच्या माणसांना ओंजळ धरून उभं राहावं लागे आणि वरून पाणी ओतत.

"चुलीपाशी बसते मी, आई. तिच्या माठातून माझ्या हातानं पाणी घेते."

आईनं पदर खोचला.

"मग जा," ती म्हणाली. "घर हाय ते."