प्स्कोवच्या तटावर

"यल्ला, दावाय!" दोन्ही हात उंच करून ती टाळी वाजवायची. अरबीतलं 'चला' आणि रशियनमधलं 'चला' एकाच दमात. शारजा बघायला आलेले रशियन पर्यटक निमूटपणे बसमध्ये चढायचे. घरी नवऱ्यालाही ती असंच हाकायची.

दुबईत अल कुसैसला ती आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. आम्ही तिला ताई म्हणायचो. पुण्यात हौसेनं रशियन शिकलेली, लग्न होऊन इथे आली आणि टूर गाइड झाली. गंमत अशी, की रशिया तिनं पाहिलाच नव्हता.

एका हिवाळ्यात प्स्कोव गावच्या चार बायका तिच्या बसमध्ये आल्या. त्यांनी आपल्या गावाबद्दल काय काय सांगितलं कोण जाणे, ताईनं ध्यासच घेतला. दोन नद्यांच्या संगमावरचा जुना किल्ला, चुनखडीचे तट, आत उंच पांढरं चर्च. चहा पिता पिता मला सांगायची, "अगं, तटावर चक्क लाकडी छप्पर आहे!"

"आई, इट्स सो कोल्ड देअर," लेक म्हणायची.

"स्वेटर घालू. पुढच्या उन्हाळ्यात नक्की."

"इन्शाल्ला म्हण," नवरा हसायचा.

तिकिटं काढली आणि मंदी आली. त्याची बांधकामातली नोकरी गेली, मग हिचे पर्यटकही आटले. दुबई सोडून जाताना तिनं कुंड्या आम्हाला दिल्या, मिक्सर शेजारच्या मल्याळी बाईला. रडली नाही. पुण्याला गेल्यावर काही वर्षांत नवरा हार्ट अटॅकनं गेला.

पुढे कधीतरी तिचा फोन आला. "येतेस माझ्याबरोबर प्स्कोवला? एकटीला धीर होत नाही गं."

मी गेले.

चर्चमध्ये तिनं नवऱ्यासाठी एक मेणबत्ती घेतली. विकणाऱ्या आजींना तिचं रशियन ऐकून नवल वाटलं. कुठून आलात, असं त्यांनी विचारलं असावं, कारण ताई पटकन म्हणाली, "दुबई."

म्हणाली आणि स्वतःच दचकली.

तटावर गेलो तेव्हा वारं बोचरं होतं. ती दगडाला हात लावून उभी राहिली. मला वाटलं, आता किल्ल्याबद्दल बोलेल.

"आपल्या कुसैसची लिफ्ट सारखी बिघडायची, आठवतं?" ती म्हणाली. "आमचे हे सामान घेऊन पुढे चढायचे. मी वर पोचेपर्यंत दार उघडं धरून उभे असायचे."

खाली संगमाजवळ एक माणूस होडीत एकटाच गळ टाकून बसला होता. ताई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.