बारशाआधीच बाळाचं नाव बाहेर कसं गेलं?

मंडळी, आज दुपारपासून डोकं भणभणतंय.

उद्या भाचीचं बारसं, म्हणून मी कुळगावहून अंबरनाथला भावाकडे आलेय. बाळाचं नाव फक्त भाऊ, वहिनी आणि आत्या म्हणून मला माहीत. आईलाही सांगितलेलं नाही.

जेवणं झाली आणि वहिनीला फोन आला. "मॅडम, अभिनंदन! ईरा बेबी का आधार बनाना है ना? ओटीपी आया होगा, बताइए." (त्याने ठरवलेलंच नाव घेतलं; इथे मी ते बदललंय.)

वहिनी आकडे वाचायलाच लागली होती. मी फोन हिसकावला. "नाव कुणी सांगितलं तुम्हाला?" समोरच्याने फोन कट केला.

भावाने आधी माझ्याकडेच बघितलं. "ताई, तू कुणाला बोललीस का गं?" फार लागलं मला ते. मग वहिनीलाच आठवलं, जन्मनोंदणीच्या ऑनलाइन अर्जात तिने नाव भरलं होतं. तेवढ्याच ठिकाणी!

भावाने पालिकेत फोन लावला. "आम्ही फक्त नोंद करतो, डेटा वर जातो." राज्याच्या हेल्पलाइनवर म्हणाले, "पोर्टल केंद्राचं आहे." केंद्राच्या हेल्पलाइनवर उत्तर मिळालं, "स्थानिक कार्यालयाशी संपर्क साधा."

माहिती तिघांकडे फिरते, मग जबाबदारी कुणाचीच कशी नाही? तिथूनच फुटली याचा पुरावा माझ्याकडे नाही. पण संशय जात नाही. सायबर पोलिसांकडे तक्रार केलीय.

बाळाची नोंदणी केल्यावर तुम्हालाही असा फोन आला होता का? आणि त्या माणसाला तुमच्या घरातलं काय काय माहीत होतं?