सूर्यभानचे एकसष्ट चिंचोके

सूर्यभान दरंदले आमच्या कचेरीच्या ताब्यातल्या तलावावर राखणदार होता. तलाव घोडेगावातल्या कचेरीपासून चार मैलांवर. पाणी किती चढलं-उतरलं ते खांबावरच्या इंग्रजी आकड्यांवरून पाहायचं, घुशींनी बांध पोखरला तर वर्दी द्यायची, एवढं त्याचं काम. आकडे त्याला ओळखता येत, अक्षरं येत नसत. वय पंचेचाळिशीचं, अंगाने काटक, आणि नजर अशी की पलीकडच्या काठावरची म्हैस कुणाची हे तो इकडून सांगे. "म्हशीनं हाळी देऊन सांगितलं का रं?" असं लोक त्याला चिडवत. तो खुशीत हसे. त्या नजरेवरचा त्याचा विश्वास मी घालवला. येत्या मार्चअखेर मी निवृत्त होईन, त्याआधी हे लिहून ठेवतो.

१९४६ च्या थंडीत मुंबईहून डॉ. नृसिंह टेंबे नावाचे प्राणिशास्त्रज्ञ आले. उत्तर ध्रुवाकडच्या किनाऱ्यावर उन्हाळाभर तंबू ठोकून पक्ष्यांच्या घरट्यांचा अभ्यास करणारे काही शास्त्रज्ञ होते. त्यांच्यासाठी डॉक्टर माहिती जमवत होते. आमच्या तलावाच्या चिखलात हिवाळ्यात येणारे चिमणीएवढे करडे पक्षी तिकडे जन्मलेले असतात, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळलं. तिकडे अंडी गोळा करणं वाढलं होतं. पक्षी घटताहेत हे आकड्यांनी दाखवलं तरच त्यावर बंदी येणार होती. घरट्यांच्या दिवसांत पक्षी मैलोन्‌मैल पांगलेले असतात. आमच्याकडे ते थव्याने बसतात, म्हणून मोजणी इकडे करायची होती.

सूर्यभान त्यांना 'पळपुटे' म्हणे, कारण ते चिखलावर सारखे पळत असतात.

"बर्फातनं हितवर येत्यात?" त्याने डॉक्टरांना विचारलं. "का बरं? हितं त्यांचं सासर हाय व्हय?"

"माहेर तिकडं, सासर इकडं," डॉक्टर म्हणाले. "सासरी किती जणी पोचल्या तेवढं तुम्ही सांगायचं."

जानेवारीत ठरलेल्या एका दिवशी बारा तलावांवर एकदमच मोजणी व्हायची होती. सूर्यभानची रीत त्याची स्वतःची. उन्हाकडे पाठ करून बांधावर बसायचं, दहा पक्षी झाले की एक चिंचोका पिशवीत टाकायचा. पिशवी तो माझ्याकडे आणी, मी चिंचोके मोजून फॉर्म भरी. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, बी.कॉम. होऊन नुकताच कारकून म्हणून चिकटलेला. माझ्या कागदांत खाडाखोड नसते, असं रावसाहेब, म्हणजे आमचे वरिष्ठ, सगळ्यांना सांगत.

पहिल्या वर्षी एकशे अठ्ठेचाळीस चिंचोके निघाले. इतकी काळजीपूर्वक मोजणी दुसरीकडे झाली नाही, असं डॉक्टरांचं पत्र आलं. ते सूर्यभानने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

दुसऱ्या वर्षी पिशवीतून एकसष्ट निघाले.

"बाजारात बैल बघायला गेला होतास की काय?" मी विचारलं. त्या दिवशी घोडेगावचा जनावरांचा बाजार होता.

"न्हाई भाऊसाहेब. तीनदा मोजलं. पळपुटं आलंच न्हाईत औंदा."

मी मान डोलावली. तो गेल्यावर फॉर्म पुढे घेतला. मागचा आकडा चौदाशे ऐंशी, आणि यंदाचा सहाशे दहा. आकडा असा कोसळला की कुठेतरी चूक असते, हे मी कॉलेजात शिकलो होतो. रावसाहेब विचारतील, याचीही धास्ती होती. पण तलाव चार मैलांवर होता आणि माझ्याकडे सायकल होती. मी गेलो नाही. चौदाशे चाळीस लिहिलं, टिपकागद दाबला आणि सही करून पाठवून दिलं.

मे महिन्यात डॉक्टरांचं उत्तर आलं. इतर अकरा तलावांवर पक्षी निम्म्याहून कमी आले होते, आमच्याकडे मात्र जवळजवळ तेवढेच. आमचा आकडा भरवशाचा वाटत नाही, म्हणून तो वगळत आहोत, असं त्यांनी लिहिलं होतं. रावसाहेबांनी सूर्यभानला बोलावलं आणि सगळ्यांसमोर सुनावलं.

"मोजणी चुकलीय तुझी. मुंबईहून लिहून आलंय. बांधावर झोपा काढतोस काय?"

किती आकडा गेला होता ते त्यांनी सांगितलं नाही. सूर्यभान गोंधळला. "म्हंजी पळपुटं आल्तं? आन मलाच दिसलं न्हाईत?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी दौतीचं झाकण लावत होतो.

आठ दिवसांनी तो आपली काठी आणि शिट्टी घेऊन आला. "मला तळ्यावरनं काढा. आज पाखरं दिसली न्हाईत, उद्या पानी चढल्यालं दिसायचं न्हाई. खालची गावं वाहून जातील." रावसाहेबांनी त्याला मोकळं केलं. तो कागदही मीच लिहिला.

दीड वर्षानंतर त्याची बायको छबूबाई मला बाजारात भेटली. "मिशनच्या दवाखान्यात डोळं तपासलं. चांगलं हायत म्हनत्यात डाक्टर. पन ह्यांना पटतच न्हाई. उन्हं उतरली की हात धरून न्यावं लागतंय. तुमी तरी सांगा, भाऊसाहेब. तुमचं ऐकत्याल."

त्याच दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. सूर्यभान ओट्यावर चवाळं अंथरून बसला होता. मी सगळं सांगितलं. सांगताना 'तुम्ही' म्हणू लागलो, ते नंतर लक्षात आलं.

तो म्हणाला, "किती हुतं मग?"

"सहाशे दहा."

"व्हय. साशे धाच." तो पुटपुटला. छबूबाई दारात उभी होती. "आगं, साशे धाच हुतं!" तो तिच्यावर ओरडला, जणू तिनेच नाही म्हटलं होतं. मग माझ्याकडे वळला. "तवाच का न्हाई बोलला?"

मी रावसाहेबांच्या धाकाचं काहीतरी सांगू लागलो.

"मुंबईला लिवा," तो म्हणाला. "आत्ता. माझ्या म्होरं."

मी तिथेच ओट्यावर बसून इंग्रजीत पत्र लिहिलं. त्याने सहाशे दहाच्या आकड्यावर बोट ठेवून खात्री करून घेतली.

"आन तुमी मनानं आकडा घातला, त्ये लिवलं का?"

"लिहिलं," मी म्हणालो.

लिहिलं नव्हतं. नक्कल करताना कचेरीत आकडा चुकला, एवढंच लिहिलं होतं. डॉक्टरांनी सहाशे दहा धरले, सूर्यभानची माफी मागितली आणि चूक आपण होऊन कळवल्याबद्दल माझे आभार मानले. आभारांचा भाग मी त्याला वाचून दाखवला नाही.

त्या जानेवारीत तो पुन्हा बांधावर जाऊन बसला. नोकरी दुसऱ्याला दिलेली होती, ती परत मिळाली नाही. पुढे आठ वर्षं, तो असेपर्यंत, मोजणी त्यानेच केली. पिशवी माझ्या टेबलावर उपडी करी, "मोजा" म्हणे, आणि मी आकडा लिहून त्याने त्यावर बोट ठेवेपर्यंत उभा राही. मी खुर्ची पुढे करी. तो कधी बसला नाही.