हुकूम परत म्हणायचा

माझे यजमान मालवाहू जहाजावर सुकाणू धरायचे. ते गेले त्याला अजून वर्ष झालेलं नाही. सापगावात त्यांचं काम सांगितलं, की समोरचा दोन्ही हात पसरून भलंमोठं चाक फिरवून दाखवी. खरं चाक टेम्पोच्या स्टिअरिंगपेक्षाही लहान असतं, असं ते सांगत. सुकाणू मागे, पाण्याखाली. चाक वरच्या केबिनमध्ये. मधलं काम तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रं करतात. चाक धरणाऱ्याला सुकाणू कधीच दिसत नाही. ते किती वळलं हे सांगणारा काटा तेवढा दिसतो. आणि सुकाणू वळलं तरी जहाजाचं धूड काही वेळ सरळच जात राहतं. वाट बघायची.

म्हणून तिथे एक रीत असते. अधिकारी म्हणतो, "डावीकडे दहा." सुकाणूवाला तेच परत म्हणतो आणि चाक फिरवतो. काटा दहा अंशांवर आला की "डावीकडे दहा झालं" असं कळवतो. अधिकारी "ठीक" म्हणाला की काम पुरं.

ही सवय घरीही आली.

"मीठ आन रे," सासूबाई म्हणायच्या.

"मीठ आणतो." मग बरणी समोर ठेवून, "मीठ आणलं."

"दिसतंय ना मला. पोपट झालाय गो तुझा नवरा."

"ठीक" त्या कधी म्हणाल्या नाहीत. ते माझ्या वाट्याला आलं.

यजमानांच्या शेवटच्या आजारात शहापूरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. मुंबईला नेता येईल, पण उपयोगाची खात्री नाही. घरी न्यायचं तर तेही चालेल, म्हणाले. ते बहुतेक वेळ गुंगीत असत. त्यांना विचारल्याशिवाय मला ठरवायचं नव्हतं. खाटेशी बसून मी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं आणि काय करायचं ते विचारलं. मी वाट बघत राहिले. मी पुन्हा विचारलं नाही.

"घरी," ते म्हणाले.

"घरी," मी म्हणाले.

संध्याकाळी गाडी पूल ओलांडून सापगावात आली. त्यांना पडवीत खाटेवर निजवलं. सासूबाई उशाशी बसल्या. मी वाकून यजमानांच्या कानाशी म्हणाले, "घरी आलो."

त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मी आणखी वाकले.

"ठीक म्हनतोय तो," सासूबाई म्हणाल्या.