पेवातून आलेली हाक

माझ्या नवऱ्याला मी एकदा भूत समजून पेवात बंद केलं होतं. आमचा संसार खरा त्या दिवसापासून सुरू झाला.

परवा हे मी माझ्या नातीला सांगितलं. ती अमरावतीला मानसशास्त्र शिकते आणि सुट्टीत घरी आली की आम्हा दोघांवरच अभ्यास करते. (पूर्वी पाहुणे आले की म्हशी बघायचे, आता आम्हाला बघतात.) ती म्हणाली, "आजी, संशोधन असं सांगतं की लग्न मोठ्या मोठ्या गोष्टींनी टिकत नाही. एकानं सहज हाक मारली की दुसऱ्यानं ओ द्यायची. आणि एकमेकांना काय आवडतं, कशाची भीती वाटते, हे विचारत राहायचं."

"हे समदं आमी आसेगावातच करून पाह्यलं," मी म्हटलं. "फक्त आमच्यातला एक जन तवा खड्ड्यात व्हता."

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. मी धनजची, दिली आसेगावात. लग्नाला सहा महिने झाले तरी मला नवऱ्याचा आवाज ओळखता येत नव्हता, कारण तो मी फारसा ऐकलाच नव्हता. घर माणसांनी भरलेलं. चारचौघांत बायकोशी बोलायची रीत नव्हती. पाणी हवं असलं की हे खाकरायचे, भाकर हवी असली की जरा मोठ्यानं खाकरायचे. लग्नात माझं नाव बदलून सुमन ठेवलं, पण तेही यांनी कधी घेतलं नाही. फार झालं तर "अवं". मी यांचं नाव घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. ते मी आजही घेत नाही, तेव्हा इथेही मिळणार नाही.

आमच्या परसात ज्वारीचं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, पोट मात्र खोलीएवढं. आमच्या पेवाचं पोट थेट स्वयंपाकघराच्या खाली आलेलं होतं. कधीकाळी घरातले एक थोरले पेव उघडल्याबरोबर, आतली कोंडलेली हवा निघू न देता, खाली उतरले. ते वर आलेच नाहीत. तेव्हापासून ते भर दुपारी हाक मारतात, असं घरातला प्रत्येक जण मला सांगायचा, आणि नेमकं जेवताना सांगायचा.

वैशाखात सगळं घर मंगरूळला लग्नाला गेलं. गाय व्यायला झाली होती म्हणून मला मागं ठेवलं. निघताना सासूबाई म्हणाल्या, "दुपारची कोनी हाक मारली त ओ देऊ नको. तीनदा आवाज आला तरच दे. त्याले तीनदा हाक मारता येत नाही."

"अन् मारली त?"

"त मंग तो मानूस हाय," त्या म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

दुपार झाली. बाहेर ऊन असं की कुत्रंसुद्धा भुंकेना. कडुनिंबाचं पान हलत नव्हतं. पुढचं दार आतून लावून मी चुलीपाशी ज्वारी निवडत बसले होते. तेवढ्यात परसात काहीतरी धपकन पडलं आणि गाय हंबरली. मग अगदी शांत झालं. आणि मग माझ्या पायांखालून, जमिनीतून, आवाज आला.

"अवंऽऽ..."

मी ओ दिली नाही. बऱ्याच वेळानं पुन्हा आलं, "अवंऽऽ". पोकळ, घोगरा, मातीत भिजलेला आवाज. दुसरी हाक. मी तिसरीची वाट बघत होते. ती आली असती तर मी धावले असते. पण तिसऱ्या वेळी आवाज म्हणाला,

"चंद्रेऽऽ!"

चंद्री हे माझं माहेरचं नाव. आसेगावात ते कोणालाच माहीत नव्हतं. मी ते धनजच्या वेशीत सोडून आले होते आणि सहा महिन्यांत कोणी मला त्या नावानं हाक मारली नव्हती. आता जमीन मारत होती.

खोटं कशाला सांगू, मला पळून जायचं होतं. पण मागच्या दाराबाहेर गाय बांधलेली, आणि गाईला काही झालं तर सासूबाई भुतापेक्षा अवघड. मी चुलीतली मूठभर राख घेतली आणि परसात गेले. हवा जावी म्हणून सासऱ्यांनी आदल्या दिवशीच पेव उघडून तोंडावर तरट टाकून ठेवलं होतं. ते तरट आत गेलं होतं. मी आधी राख टाकली. आतून मोठ्ठी शिंक आली. मग मी सगळा जोर लावून पेवाचं दगडी झाकण तोंडावर ढकललं. बोटभर फट तेवढी राहिली.

"अवं, झाकन काहून लावून राह्यली? मी हाय ना!"

"मी म्हंजे कोन?"

आतल्यानं यांचं नाव सांगितलं. मी म्हटलं, "नाव भुताले बी मालूम राह्यते."

"मंग तूच इचार, काय इचारतं ते."

"तुमी... ते हाय का?"

"ते म्हंजे कोन?"

इथं माझी पंचाईत झाली. नाव घ्यावं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात, आणि आत नवराच असेल तर ते आधीच कमी होत चाललेलं! मी दुसरा प्रश्न काढला. "भूत नसशीन त सांग, मले खायले काय आवडते?"

आतून हळूच, "भाकर?"

"भाकर त समद्याईलेच आवडते. मले भेव कायचं वाटते?"

"आईचं?"

"ते बी समद्याईलेच वाटते."

"मंग तू सांग," आतला चिडला. "तुह्या नवऱ्याले काय आवडते?"

मला काही माहीत नव्हतं. आम्ही एका छपराखाली दोन परके राहत होतो, आणि फटीतून येणारा आवाज त्यातल्या एकाचा असेल तर तो आता कमी कमी होत होता. मी घाईनं म्हटलं, "कारलं! तुमी मुकाट्यानं खाता, म्हून मी घडीघडी करतो."

"कारलं?" पेव घुमलं. "बिलकूल नाई आवडत मले. नव्या नवरीले नावं ठेवू नाई म्हनून गिळून राह्यलो इतके दिवस!"

एवढा राग भुताला येत नाही. एवढा राग येण्यासाठी सहा महिने कारलं खावं लागतं. मी झाकण ढकलायला लागले. आतून खोकला आला, मग तोही थांबला. तेव्हा मला खरं भय वाटलं. भुताचं नाही, भूत नसल्याचं. "आयकता का? आयका ना," मी ओरडत होते, आणि आता ओ येत नव्हती. सगळं अंग लावून झाकण सरकवलं, मोटेचा सोल, म्हणजे जाड दोर, कडुनिंबाला बांधून खाली सोडला. बऱ्याच वेळानं तो ताणला गेला. वर एक डोकं आलं. राखेनं आणि भुशानं पांढरं, डोळे लाल, दातांत माती.

मी किंचाळले आणि ते डोकं दोन्ही हातांनी खाली दाबलं.

(दुसऱ्यांदा पडल्यावर यांनी मला जे ऐकवलं, ते नातीच्या अभ्यासात बसत नाही.)

शेवटी हे वर आले. कडुनिंबाखाली बसून तांब्याभर पाणी प्यायले, न खाकरता. मंगरूळच्या लग्नात यांना माझे मामा भेटले होते. यांनी त्यांना लाजत लाजत विचारलं होतं, पोरीला घरी काय म्हणता? नाव कळल्यावर कोणाची तरी सायकल घेऊन हे तडक निघाले. घर रिकामं आहे, एकदा त्या नावानं हाक मारून बघू, एवढ्यासाठी. भर दुपारी बायकोकडे आलेलं गावानं बघू नये म्हणून मागची भिंत चढून उडी मारली, ती तरटावर.

"मंग? काय आवडते तुले?" यांनी विचारलं.

"आंबाडीची भाजी," मी म्हटलं आणि मला रडू आलं. सहा महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून यांनी हाक मारली की मी पहिल्याच हाकेला ओ देते. संशोधनाप्रमाणे सगळं ठीक चाललं आहे. एकच गोष्ट नातीला सांगितली नाही. आत पडला तो खाकरणारा माणूस होता, आणि वर आला तो बोलणारा. त्यामुळे खात्रीसाठी मी अधूनमधून कारलं करते. हे ताटाकडे बघून चिडतात, आणि मला निवांत झोप लागते. इतकी वर्षं असंच चाललं.

गेल्या आठवड्यात मी कारलं वाढलं. यांनी ते मुकाट्यानं खाल्लं, माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "चंद्रे, आनखी वाढ."

मी आणखी वाढलं. एवढा संसार झाल्यावर तुम्ही नेमके कोण, हे विचारणं बरं दिसत नाही.