पायऱ्यांवरच्या फोटोतली बाई

"एत्री, मॅडमन्ना एत्री," आमचे साहेब शिपायांना कन्नडात म्हणाले. उचला, मॅडमला उचला.

मॅडम म्हणजे मी. दोन्ही पायांत कॅलिपर, दोन्ही काखांत कुबड्या. समोर बिदरच्या कार्यालयाचा जिना. शहाबादी फरशीचा, गुळगुळीत, कठडा नसलेला. दोन शिपाई आले. एकानं काखेत हात घातले, एकानं गुडघ्याखाली. ज्वारीचं पोतं उचलतानाही माणूस आधी कुठं धरायचं ते बघतो. ह्यांनी तेवढंही बघितलं नाही. साडी गुडघ्यांपर्यंत वर गेली. कॅलिपरचे चामडी पट्टे, वाळक्या पिंढऱ्या, सगळं उघडं. जिन्यावर माणसं थांबून बघत होती. बिदर आणि गुलबर्गा जिल्ह्यांतले विशेष शिक्षक. अपंग पोरांसाठीच नेमलेले. "सावकाश, सावकाश," कुणीतरी म्हणालं. मला नाही. शिपायांना.

वर हॉलमध्ये कापडी फलक लावला होता. अपंग मुलांच्या मोबिलिटीचं प्रशिक्षण. मोबिलिटी म्हणजे हालचाल. अपंग पोरानं वर्गातून नळावर, संडासला, घरी कसं जायचं, ते. प्रत्येक शिक्षकानं आपल्याला सुचलेली युक्ती इंटरनेटच्या ग्रुपवर टाकायची आणि बाकीच्यांनी ती आपल्या शाळेत वापरायची, अशी योजना होती. चांगली योजना. ती शिकायला मला पोत्यासारखं वर नेलं.

खाली दोन खोल्या रिकाम्या होत्या. मी साहेबांना सकाळीच विचारलं होतं. ते म्हणाले, "इंटरनेटची वायर खाली येत न्हाई."

वायर खाली येत नव्हती म्हणून बाई वर गेली. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट आहे ही. दिवसभर मी पाण्याचा घोट घेतला नाही. संडास खाली होता.

मी खटकचिंचोळीच्या पलीकडच्या एका खेड्यातली. आमचं घर बौद्धांच्या वस्तीत. दोन वर्षांची असताना पोलिओ झाला. माय मला कडेवर घेऊन शाळेत सोडायची आणि मग दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. मास्तर मला दारात बसवायचे, चपला काढायच्या जागी. आत ये म्हणून कुणी म्हणालं नाही, मग मीच सरपटत आत जायची. एकदा मायनं ते बघितलं. तिथंच मला उचललं, झगा झाडला आणि म्हणाली, "लोकायसमोर बुडावर सरकायचं न्हाई. मरायलीस तरी न्हाई." पुढं शिबिरात कुबड्या मिळाल्या. भालकीच्या हॉस्टेलात राहून शिकले. विशेष शिक्षिका झाले, कंत्राटी. मायचं ते बोलणं मी कधी मोडलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मोडलं.

प्रशिक्षण संपलं तेव्हा शिपाई घरी गेलेले. मला खाली न्यायला साहेबांनी दोघा शिक्षकांना बोलावलं. त्यातला एक जण, कपाळाला विभूती लावलेला, दोन पावलं मागं सरला. "आज मला मठाला जायचंय," तो म्हणाला. सकाळी हजेरीच्या वेळी माझं आडनाव त्यानं मान वळवून ऐकलं होतं. मला सगळं कळलं. बाकीच्यांनाही कळलं. दुसरा हसत म्हणाला, "एकट्याला न्हाई झेपायच्या, मॅडम वजनदार हाईत."

हशा झाला. साहेबही हसले.

मी पहिल्या पायरीवर बसले. साडी पायांभोवती घट्ट गुंडाळली. एक हात मागं, एक हात खाली. सरकले. पायरी. सरकले. पायरी. सुमंगलानं माझ्या कुबड्या घेतल्या. ती माझ्याच कार्यालयातली, कन्नड घरातली, माझ्याशी मराठीत बोलायची. तेवढी एक माझ्या बाजूनं चालत होती, एकेक पायरी थांबत. खाली आल्यावर मी मान वर केली. साहेब वरून मोबाइल धरून उभे होते.

वाटलं, कुणाला तरी फोन लावायलेत.

पुढच्या आठवड्यात मी बिदरलगतच्या नौबादच्या नेट कॅफेत गेले. आमचा ग्रुप उघडला. सगळ्यात वर माझा फोटो. पायरीवर बसलेली, हात मागं टेकलेला, तोंड वाकडं झालेलं. वर इंग्रजीत मथळा: मोबिलिटी स्ट्रॅटेजी, जिना. खाली साहेबांचं नाव. माझं नाव कुठं नाही. "आमच्या जिल्ह्यातली एक अपंग शिक्षिका," एवढंच. मग तारीफ सुरू. काय जिद्द. सलाम मॅडम. एकीच्या म्हणे डोळ्यांत पाणी आलं. गुलबर्ग्याच्या एका सरांनी लिहिलं होतं, बिनखर्चाची युक्ती आहे, कुठल्याही शाळेत करता येईल.

बिनखर्चाची. खरं आहे. खर्च सगळा माझा होता.

कॅफेवाल्यानं मागून डोकावून विचारलं, "अक्का, ह्ये तुमीच की वं?"

मी कॉम्प्युटर बंद करून घरी आले. आपल्याला सवय आहे, असं स्वतःला सांगितलं. चपलांशेजारी बसायची सवय होती, तशीच ही पण होईल.

मग मी रेणुकाच्या शाळेत गेले.

बसवकल्याण तालुक्यातलं गाव. रेणुका चौथीत. तिचे पाय जन्मापासून ताठ. वर्ग उंच जोत्यावर. तिच्यासाठी उतरता रस्ता, म्हणजे रॅम्प, करून घ्यायचा म्हणून मी वर्षभर त्या हेडमास्तरांच्या मागं लागले होते. शेवटी शाळेच्या कोपऱ्यात दगड आणि वाळू येऊन पडली होती. त्या दिवशी गेले तर दगड नव्हते. झेंड्याभोवती नवा कट्टा दिसला, वर चुना मारलेला.

तेवढ्यात सुट्टीची घंटा झाली. पोरं बाहेर आली. सगळ्यांच्या मागं रेणुका. दारात खाली बसली. हात मागं टेकवला. उन्हानं तापलेल्या पायरीवर सरकली. मग दुसरीवर. हेडमास्तर बाजूला उभे राहून पोरांना सांगत होते, "टाळ्या वाजवा रे."

पोरांनी वाजवल्या.

रेणुका माझ्यापर्यंत सरकत आली. झगा मागून फाटलेला. मांडीचं कातडं सोललेलं. ती हसत होती. तिला वाटत होतं, बाई खूश होतील.

"बाई, तुमीबी असंच उतरलाव म्हनं? सरांनी फोटो दावला."

हेडमास्तर जवळ आले. ते खरोखर खूश होते. म्हणाले, "तुमच्यामुळंच सुचलं, मॅडम. आता रॅम्पचं कामच राहिलं न्हाई."

"हे मी शिकवलंय म्हणून कुणी सांगितलं?"

"ऑनलाइन आलंय की."

ऑनलाइन आलंय. माझी लाज बिदरमधून निघून तारेवरून ह्या पोरीच्या मांडीपर्यंत आली होती. माझं मी गिळलं असतं. आजवर गिळतच आले होते. हिच्या वाट्याचं गिळणार नव्हते. मी कुबड्या भिंतीला टेकवल्या, खाली बसले, तिच्या मांडीवरची माती पदरानं पुसली.

"रेणुका, आजपासनं सरकायचं न्हाई. कुणी टाळ्या वाजवल्या तरी न्हाई."

"मग कसं उतरू, बाई?"

"सरांना इचार. दगड कुटं गेले म्हणून इचार."

हेडमास्तर कट्ट्याकडं बघायला लागले.

प्रशिक्षणाची दुसरी फेरी त्याच इमारतीत होती. त्याच हॉलमध्ये. मी गेले आणि खालच्या रिकाम्या खोलीत एका मोडक्या बाकावर बसले. शिपाई आले. "अण्णा, हात लावू नका," म्हटलं. ते लगेच मागं झाले. त्यांनाही ते काम आवडत नसावं. मग साहेब खाली आले. साहेब जिन्यावरून चालत खाली आले. वायरीला जमलं नव्हतं, त्यांना जमलं.

"काय झालं, मॅडम?"

"मी वर येणार न्हाई. तुमी प्रशिक्षण खाली आणा."

"वायर..."

"वायर ऱ्हाऊ द्या. तो फोटो काढा. आन जिथं टाकलाव तिथंच माफी लिहा. रेणुका नावाची पोरगी तुमचा फोटो बघून सोललीय."

"एवढं काय त्यात? लोकांनी तारीफच केली की तुमची."

"तारीफ तुमची तुमी ठेवा. तुमी उतरा तसे बुडावर, मी फोटो काढते. मग बघू किती तारीफ होते."

साहेबांचं तोंड लाल झालं. आवाज मात्र गोड. "मॅडम, असं करा. तुमी घरीच बसा. घरी बसून ऑनलाइन करा. तुमच्यासारख्यांसाठीच तर हाय ते."

ऐकलं आणि मला सगळं लख्ख दिसलं. शाळेत दारात बसवलं होतं. आता दारातही नको, घरीच बरी. पूर्वी लोक अंग आखडून लांब उभे राहायचे, आता मशीन आणलं. त्या मशीनवर अख्खी वस्ती गावाबाहेर ठेवता येते आणि वर तिला सोय म्हणता येतं. मी ते मशीन शिकले होते. त्यांच्याहून नीट शिकले होते. पण घरी बसण्यासाठी नाही.

"घरी बसायचं असतं तर मायनं मला कडेवर शाळेत नेलंच नसतं," मी म्हटलं.

"कंत्राट मार्चला संपतंय. ध्यानात ठेवा."

"ध्यानात हाय."

ते वर गेले. सुमंगला खाली आली, माझ्या शेजारी बसली. तिच्या मागून आणखी काही जण आले. चहाच्या वेळेला त्यातले निम्मे परत वर गेले, तोंड चुकवून. मठवाला आलाच नाही. वर प्रशिक्षण नीट पार पडलं. आकाश कोसळलं नाही.

दुपारीच मी आणि सुमंगला नौबादला गेलो. त्या फोटोखाली मी मराठीत लिहिलं, सुमंगलानं कन्नडात आणि इंग्रजीत घातलं. ह्या फोटोतली बाई मी आहे. मला न विचारता फोटो काढला. ही युक्ती नाही. उचलायला माणसं होती, त्यातल्या एकाला माझा विटाळ होता आणि बाकीच्यांना हसू आलं, म्हणून मी सरकले. हे बघून एका शाळेनं रॅम्प रद्द केला आणि एका पोरीची कातडी सोलली. ज्यांनी ज्यांनी आपल्या शाळेत हे सुरू केलंय, त्यांनी उद्या बंद करावं. खाली माझं पूर्ण नाव. आडनावासकट.

दोन दिवस ग्रुपवर चिटपाखरू नाही. सलाम करणारे हात कुठं गेले कोण जाणे. मग फोटो गायब झाला. माफी आली नाही. साहेबांनी फक्त "गैरसमज" असा एक शब्द लिहिला. जेवरगीकडच्या एका शिक्षिकेनं तेवढं विचारलं, "आमच्याकडंही एक मुलगा सरकतो, त्याचं काय करू?" तिला मी सविस्तर उत्तर दिलं.

मार्चमध्ये माझं कंत्राट वाढवलं नाही. आता मी नौबादमध्ये शिकवण्या घेते. साहेबांनी मला नोकरीतून काढलं, पण ग्रुपवरून काढायचं त्यांना जमलं नाही. सगळ्या जिल्ह्याला ऑनलाइन शिकवणाऱ्या माणसाला एक नाव काढता येत नाही.

रेणुकाचा रॅम्प अजून झालेला नाही. तिचा बाप सध्या तिला उचलून वर्गात ठेवतो, ते मला मान्य नाही आणि त्यालाही नाही. आम्ही दोघं हेडमास्तरांकडं जातो. त्यांचा चहा घेत नाही. झेंड्याचा कट्टा फोडावा लागला तरी तो फोडायला लावू. आणि ज्या शाळेत पोराला सरकवून टाळ्या वाजवतील, त्या शाळेच्या हेडमास्तराचं नाव मी ग्रुपवर लिहीन. मराठीत, कन्नडात, इंग्रजीत. हुद्द्यासकट.