कोरगावचा जाम मायक्रोस्कोप

डिचोलीच्या एका खाणीवर खनिज तपासायच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला होतो. तिथला मायक्रोस्कोप पोटापाण्याचा. पण एकदा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, गंजक्या कुलपांच्या ढिगात, जुन्या जर्मन मायक्रोस्कोपचं एक भिंग सापडलं आणि मी वाहवत गेलो. मग स्टँड, आरसे, पितळी डब्यांतली भिंगं, असं घर भरत गेलं.

बायको म्हणायची, "लोकांच्या कपाटात साड्या असतात. आमच्याकडे आरसे, आणि त्यात धड कुंकूही लावता येत नाही!"

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला, त्या वर्षीचा पावसाळा नुकताच सरला होता. बसमधले कोकणी-मराठीचे वाद मात्र अजून निवले नव्हते. तेव्हा कळलं की, कोरगावला एका दिवंगत डॉक्टरांच्या घरी जर्मन मायक्रोस्कोप आहे. पोर्तुगीज अमदानीत त्यांनी तो बोटीने मागवला होता. रविवारी स्कूटर काढली आणि बायकोला मागे बसवून गेलो.

डॉक्टरांच्या पत्नीने, सगळ्यांच्या काकींनी, टेबलावरचं विणलेलं कापड बाजूला केलं. काळा रंग, पितळेची नळी, खाली आरसा. मी लगेच हात पुढे केला. पण नळी वरखाली करायचं चाक हलेना. नळीखालच्या तीन भिंगांतलं मधलं भिंगही गायब होतं.

"मुंबयचो एक जाणकार बघून गेलो," काकी म्हणाल्या. "म्हणालो, ह्यो मेलो. शोभेक ठेवा."

"मी प्रयत्न करू?"

"जितो केलंस तर तुझो. पण चालू झालो की पयलो माका दाखवचो."

घरी आणून बघितलं तर दुखणं साधं होतं, पण हट्टी. आतलं जुनं वंगण फणसाच्या चिकासारखं घट्ट झालं होतं. स्क्रूच्या खाचा इतक्या बारीक की, माझा पेचकस दगडावर घासून पातळ करावा लागला. सगळी भिंगं काढून ठेवली, सांध्यात रॉकेलचे थेंब सोडले, उन्हात ठेवलं. चाक ढिम्म. असे कित्येक आठवडे गेले. जोर लावला तर दाते तुटतील, म्हणून नुसता बघत बसायचो. मुंबईचा माणूस खरा ठरणार, असं वाटायला लागलं.

एका दुपारी बायको म्हणाली, "केसांत तेल जिरायला आम्ही गरम पाण्यातला टॉवेल पिळून गुंडाळतो. तसं करून बघा की."

केलं. टॉवेल निवला की दुसरा गरम, तो निवला की पुन्हा पहिला. ती पिळून देत होती, मी गुंडाळत होतो. मग चाकावर दोन बोटं ठेवली, आणि ते केसभर सरकलं.

"फिरलं! अगं, फिरलं!" मी एवढ्याने ओरडलो की शेजारी धावत आले.

राहिलं मधलं भिंग. वाळपईच्या भंगारवाल्याकडून मागे एक सुटं भिंग उचललं होतं, कुठल्या यंत्राचं ते ठाऊक नव्हतं. भीत भीत आटे जुळवले. ते फिरत फिरत गेलं आणि शेवटी गच्च बसलं. त्या क्षणी मला खाणीचा मालक केलं असतं, तरी मी ढुंकून बघितलं नसतं.

काजूला मोहोर आला होता तेव्हा दोघं पुन्हा कोरगावला गेलो. सोप्यावर, उजेडात यंत्र मांडलं. तळीच्या पाण्याचा थेंब काचेवर घेतला. काकींनी चष्मा काढला, डोळा लावला.

"दिसतंय का, काकी?"

"अरे, ही धावतत!" त्या एकदम हसल्या. "एक थयसून इली, दुसऱ्येक धक्को मारून गेली! इतकी वर्सां ह्येची धूळ पुसलंय मी. आत बघ म्हणून कोणी सांगूक नाय."

मग त्यांनी कुंपणावरून हाका मारल्या. कोणी काजूचा मोहोर आणला, कोणी माशाचं खवलं, कोणी पावाला आलेली बुरशी. रांग अंगणापर्यंत गेली. काकी खुर्चीवरून उठायला तयार नाहीत. प्रत्येक वस्तू आधी स्वतः बघायच्या, मग जरा बाजूला सरकून दुसऱ्याला डोळा लावू द्यायच्या, तोही घटकाभरच. बायको शेजारी उभी राहून सगळ्यांना सांगत होती, "चाक हळू फिरवा हां. आम्ही टॉवेल गुंडाळून सोडवलंय ते."

निघताना काकींनी स्वतःच्या हाताने मायक्रोस्कोप त्याच्या लाकडी पेटीत ठेवला आणि पेटी माझ्याकडे दिली. अस्नोड्याच्या रस्त्याने घरी येईपर्यंत मी मोठमोठ्याने गात होतो. बायकोने पेटी पोटाशी धरली होती आणि तीही गात होती.